मशीन थांबत नव्हतं तेव्हा

खाली अंगणात कारखान्याच्या वर्षअखेरच्या जेवणाचा मांडव घातला जात होता आणि वर तिसऱ्या मजल्यावर चुओ मंडळी थुआनच्या दोन बोटांवरून भांडायला बसली होती. भांडण अजून सुरू झालं नव्हतं. मिंगतांग चहा ओतत होते, आणि ते चहा ओतत असताना तोंड उघडायची या घरात कुणाची छाती नव्हती. इवलेसे चार पेले. एकेक भरायचा, बूड पुसायचं, पुढे सरकवायचा. सत्तरी उलटलेल्या माणसाला वेळ काढायचा असला की चहासारखी दुसरी सोय नाही.

त्यांच्या लेकीला, पेइरोंगला, चहा नको होता. तिला झोप हवी होती. व्हिएतनामी कामगार थुआनचा हात तीन नंबरच्या प्रेस मशीनमध्ये सापडल्यापासून ती नीट झोपलेली नव्हती, आणि आता तर डोळे मिटले तरी पापणीच्या आत मशीन चालू असल्यासारखं वाटायचं. कारखान्याची खुर्ची मिळून तिला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत ती चांगलीच म्हातारी झाली, असं तिची आईच म्हणायची.

"उद्या सकाळी कामगार खात्याचे साहेब येतील," मिंगतांग शेवटी म्हणाले. "त्यांना काय सांगायचं ते आत्ता ठरवू. एकदा खाली माणसं जेवायला जमली की मला कुणाचं वाकडं तोंड दिसायला नको."

"ठरवायचं काय त्यात?" काइयुआन म्हणाला. हा थोरला मुलगा. विक्रीचं सगळं त्याच्याकडे. बाबांनी खुर्ची त्याला सोडून धाकट्या बहिणीला दिली तेव्हापासून त्याचं एकही वाक्य टोचल्याशिवाय संपत नसे. "मशीनवर थुआन होता. पाकीट थुआननं लावलं. झालं."

"पाकीट आईनं लावलं, दादा."

"हळू!" मिंगतांगांनी जिन्याकडे बघितलं. दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात त्यांची बायको श्योउचिन होती. आलं परतल्याचा वास वर येत होता. "तिच्या कानावर एक शब्द जाता कामा नये. बाकी काय करायचं ते करा. पण तिला हे कळायचं नाही."

भानगड होती ती त्या हिरव्या पाकिटाची. लहान पोरांना शहाण्यासारखं वाग म्हणून जो मक्याचा खाऊ देतात, तोच मशीनलाही द्यायचा, म्हणजे तेही शहाण्यासारखं वागतं. गांगशान गावात असा कारखाना शोधून सापडणार नाही, जिथे मशीनवर हे पाकीट नाही. हिरवंच हवं, पिवळं किंवा लाल लावलं तर मशीन रुसतं. मुदत संपलेलं चालत नाही, फोडलेलं तर नाहीच नाही. चुओंच्या कारखान्यात हे काम श्योउचिनचं. पाकिटं भूमिदेवापुढे ठेवायची, उदबत्ती ओवाळायची आणि प्रत्येक मशीनच्या माथ्यावर दोरीनं बांधायची. यंदा तिचा खांदा आखडला होता, हात वर जाईना. बाकीच्या मशीनवर पोरांनी स्टुलावर चढून बांधून दिलं. तीन नंबरचा थुआन तेव्हा जेवायला गेला होता, म्हणून तिनं आपल्या हाताला पोचेल तिथे, मशीनच्या खांबावरच्या खिळ्याला ते अडकवून दिलं.

त्याच खांबावर मशीनचा डोळा होता. त्यातून प्रकाशाचा किरण निघतो, समोरच्या खांबावरच्या आरशावर आपटतो आणि परत येतो. परत आला म्हणजे वाट मोकळी. मध्ये हात आला की किरण परतत नाही आणि मशीन जागच्या जागी थांबतं. श्योउचिनच्या पाकिटाची चंदेरी पाठ नेमकी डोळ्यासमोर लोंबायला लागली आणि किरण तिथूनच माघारी फिरायला लागला. मशीनला वाट कायमची मोकळी दिसायला लागली, मग मध्ये हात असो की नसो.

त्या दिवसापासून तीन नंबर थांबेना. एरवी ते तेलाच्या थेंबानं थांबायचं, धुळीनं थांबायचं, बाही जरा आडवी गेली तरी थांबायचं आणि कामगार त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता ते कसं सुतासारखं सरळ चालायला लागलं. महिन्याच्या बैठकीत पेइरोंगनं थुआनला आणि आ-तुंग काकांना पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. म्हणाली, तीन नंबरकडून शिका. आणि लोक शिकले. थोड्याच दिवसांत आणखी चार मशीनची पाकिटं माथ्यावरून उतरून खाली, बरोबर त्याच उंचीवर आली. का आली ते तिनं विचारलं नाही.

थुआनला इस्पितळात नेल्यावर तिनं स्वतः तीन नंबरपुढे उभं राहून बघितलं होतं. पाकीट लावून पुठ्ठा आत सरकवला, मशीननं पुठ्ठ्याचा चोथा केला. पाकीट काढून सरकवला, मशीन थांबलं. मग ती तिथेच जमिनीवर बसून राहिली होती.

"साहेबांना मी खरं ते सांगणार," ती आता म्हणाली.

"खरं म्हणजे नक्की काय?" काइयुआननं पेला ठेवला. "आमच्या आईनं देवाचा प्रसाद टांगला आणि माणसाची बोटं तुटली? जपानचं गिऱ्हाईक हे ऐकून हसेल, आणि हसून झालं की ऑर्डर काढून घेईल. तैपेईच्या त्या शनिवार-रविवारच्या वर्गात हेच शिकवलं वाटतं? नीतीनं कारखाना चालवायचा म्हणजे स्वतःच्या आईला साहेबापुढे उभं करायचं?"

वर्गाचं नाव निघालं तशी पेइरोंगला लाजच वाटली. तिथल्या प्राध्यापकांनी एकेकाला उठवून विचारलं होतं, माणसं सांभाळायची तुमची स्वतःची पद्धत काय? ती उठून म्हणाली होती, माझं दार सगळ्यांसाठी उघडं असतं. छान टाळ्या पडल्या होत्या. दार खरंच उघडं असायचं. आत कुणी येत नसे एवढंच.

"आईचं नाव मी घेतलं नाही तरी चालेल," ती म्हणाली. "चार पाकिटं खाली आणली ती आईनं नाही. ती माझ्या टाळ्यांनी आणली. ते सांगणार आहे मी."

"आणि पहिलं कुणी लावलं म्हणून विचारलं, तर?"

मिंगतांगांनी पुन्हा किटली उचलली.

इतका वेळ आ-तुंग काका खिडकीशी बसून गप्प होते. मिंगतांगांचे धाकटे भाऊ, प्रेसच्या विभागाचे प्रमुख. या घरात पेइरोंगला मशीनचं काम शिकवलं ते त्यांनीच. उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर त्यांनी तरुणपणीच प्रेसला देऊन टाकलेलं. त्या काळात बोट गेलं की मालक सूप पाजून घरी पाठवायचा, आणि मालक म्हणजे त्यांचे वडीलच होते.

"माझं नाव सांगा," ते म्हणाले. "देखरेख माझी. मी लक्ष दिलं नाही. नवीन वर्षाला घरी बसतो. तसाही आज ना उद्या बसणारच होतो की."

मिंगतांगांचा हात किटलीवरच थांबला. चेहऱ्यावरून एक सुटकेची लहर गेली आणि ती सगळ्यांनी बघितली. काका तर तिच्याचकडे बघत होते.

"आ-तुंग, तुला त्याचा त्रास..."

"कसला त्रास, थोरल्या? आज कोंबडीची मान माझ्याकडे करा, म्हणजे रीतसर झालं."

पूर्वी वर्षअखेरच्या जेवणात कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळवलेलं असे, त्याची नोकरी गेली म्हणून समजायचं. हल्ली आचारी डोकं कापूनच आणतात, कुणाचं जेवण कडू व्हायला नको म्हणून. काइयुआन हसला. काकांवर त्याचा जीव होता, पण सोय बघितली की जीव जरा बाजूला ठेवता यायचा त्याला.

"हे चांगलं आहे," तो म्हणाला. "मानानं निरोप देऊ. मोठं पाकीट देऊ... म्हणजे लाल, पैशांचं पाकीट."

"नाही," पेइरोंग म्हणाली.

"आता काय नाही?"

"काका गेले की सगळ्यांना वाटेल, गुन्हेगार सापडला, आता निवांत. आणि पुढच्या वेळी मशीन थांबायचं बंद झालं की मी पुन्हा टाळ्या वाजवीन. मला काका नकोयत. मला काय झालं ते सांगायचंय."

काका उठले. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा लाल झाला होता. "मला नकोयत म्हणतेस. बरं आहे. म्हाताऱ्याला एक धड बाहेर पडायचा रस्ता मिळत होता, तोही तुझ्या डोळ्यांत खुपला." आणि ते जिना उतरून गेले.

"शाबास," काइयुआन म्हणाला. "एका बैठकीत सगळ्यांनाच दुखावलंस. वर्गाची फी वसूल झाली."

*

आ-तुंग अंगणात येऊन आपल्या स्कूटरपाशी उभे राहिले. आचाऱ्यानं भिंतीकडेला शेगड्या मांडल्या होत्या, त्याची माणसं खेकड्यांचे दोर कापत होती. लाल-निळ्या पट्ट्यांच्या कापडाखाली गोल टेबलं लागत होती. कुणीतरी ध्वनिक्षेपकात फुंकर मारून बघत होतं. दरवर्षी या वेळी आ-तुंगांना बरं वाटायचं. आज त्यांना फक्त दमल्यासारखं वाटत होतं, आणि भावाच्या तोंडावरची ती सुटका डोळ्यांपुढून हलत नव्हती. एकदा तरी नको म्हणाला असता. खोटं का होईना, एकदा.

मागून पुतणीची पावलं वाजली. तिनं सॉरी-बिरी म्हटलं नाही, तेवढं बरं केलं.

"काका, पाकिटं कुठायत?"

त्यांनी स्कूटरची सीट उचलून दाखवली. पाचही पाकिटं तिथे होती, नीट एकावर एक ठेवलेली. अपघात झाला त्याच रात्री त्यांनी त्या पाच मशीनवरून ती काढून घेतली होती. पण टाकवेनात. देवापुढे ठेवलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? खायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हापासून ती घेऊनच ते घरी जात होते आणि घेऊनच येत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"काय?"

"तीन नंबर का थांबत नाही ते."

आ-तुंगांनी सीट खाली केली. खोटं बोलता आलं असतं. पण थोड्या वेळापूर्वी वर बसून त्यांनी एक मोठं खोटं देऊ केलं होतं, आणि त्यानंतर लहान खोट्याची ताकद उरली नव्हती.

"आठवड्याभरातच," ते म्हणाले. "तोंडावरून कळतं गं मशीनच्या. थुआनची बाही आत गेली आणि ते थांबलं नाही. मी पाकीट हलवून बघितलं, लगेच लक्षात आलं. म्हटलं, संध्याकाळी काढून वर बांधीन."

"मग?"

"मग दुपारी तू बैठक घेतलीस."

पेइरोंगनं स्कूटरचं हँडल धरलं.

"माझ्या बापानं मला कधी शाबास म्हटलं नाही. तुझ्या बापानं नाही. तू त्या पोराला आणि मला पुढे बोलावलंस. सगळा कारखाना टाळ्या वाजवत होता. मी घरी जाऊन तुझ्या काकूला सांगितलं. तेव्हा मी काय सांगायचं होतं तुला, की बाई, हे कौतुक परत घे, मशीन आंधळं झालंय? उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग इतर मशीनची पाकिटं खाली आली, आता एकट्याचं नाक कशाला कापून घ्यायचं?" त्यांनी नाक पुसलं. "मीच त्याची बोटं खाल्ली. म्हणून म्हटलं माझं नाव सांगा. मोठेपणा नव्हता तो."

अंगणात कुणीतरी गाणं लावलं आणि लगेच बंद केलं. पेइरोंगला रडू आलं नाही. रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं. मशीन बिघडलं की आपण दहा प्रश्न विचारतो आणि नीट चाललं की एकही नाही, हे तिच्या आत्ता, या स्कूटरपाशी लक्षात आलं. तैपेईला कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं त्यावर टाळ्याच वाजवल्या असत्या.

"उद्या साहेबांना हे सांगाल?" तिनं विचारलं.

"तू सांग म्हणतेस?"

"मी सांगा म्हटलं तर तुम्ही माझ्यासाठी सांगाल. तसं नकोय मला, काका. नोकरी कुणाचीच जाणार नाही, तुमचीही नाही. एवढंच माझ्या हातात आहे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

"चमत्कारिक मालकीण आहेस," आ-तुंग म्हणाले. "ना हाकलतेस, ना सोडतेस."

*

श्योउचिन थुआनसाठी मासळीचं सूप डब्यात भरत होती. जखम भरायला मासळीच्या सुपासारखं काही नाही. रोज दुपारी ती डबा घेऊन इस्पितळात जायची, आज जेवणाच्या गडबडीत उशीर झाला होता. आल्याचे तुकडे तिनं चमच्यानं काढून टाकले. थुआनला आलं आवडत नसे, पण बिचारा सांगायचा नाही.

लेक दारात येऊन उभी राहिली. लहानपणी काहीतरी फोडून यायची तेव्हा अशीच उभी राहायची.

"वर काय चाललंय एवढं?" श्योउचिननं विचारलं. "तुझा बाप जिन्यात माझी चाहूल लागली तरी बोलायचा थांबतो. मी काय चोर आहे?"

"आई, बस ना जरा."

"मला वेळ नाही. त्या पिशवीत नवीन पाकिटं आहेत बघ, आज देवापुढे ठेवून लावून टाक. माझा खांदा काही..."

"आई, पाकिटं आता लावायची नाहीत."

आणि पेइरोंगनं सांगितलं. खांब, डोळा, किरण, पाकिटाची पाठ. टाळ्या. काका. तिनं काही गाळलं नाही आणि काही मऊही केलं नाही, कारण मऊ करायला गेली असती तर मध्येच थांबली असती. बाबांनी सांगू नको म्हटलंय, हेही सांगितलं.

श्योउचिन डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होती. झाकण तिनं दोनदा चुकीचं लावलं. मग गॅस बंद केला. तो आधीच बंद होता.

"थुआनला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

"मशीन थांबत नाही हे ठाऊक होतं. कशानं ते, मी सांगितलं त्याला. शुद्धीवर आला त्याच दिवशी."

"माझ्या पाकिटानं, असं सांगितलंस?"

"हो."

श्योउचिननं मान हलवली. लेकीला वाटलं ती आता खाली बसेल, निदान भिंतीला हात लावील. पण तिनं डबा पिशवीत घातला आणि पिशवी ओट्यावर ठेवून दिली.

"जा, तोंड धू," ती म्हणाली. "माणसं यायला लागली. असं तोंड घेऊन माणसांसमोर जायचं नसतं."

*

उजेड होता तोवरच पहिली ताटं आली: थंड मांसाच्या चकत्या, कोळंबी, लोणच्याचा मुळा. मुख्य टेबलावर मिंगतांग, श्योउचिन, काइयुआन आणि आ-तुंग. पलीकडे पॅकिंगच्या बायका, मागे व्हिएतनामी पोरांचं टेबल. तिथे एक खुर्ची रिकामी होती आणि ती कुणी हलवली नव्हती. दरवर्षी मालकानं उठायचं, सगळ्यांचे आभार मानायचे, दारूचा पेला उंचावायचा आणि मग सोडतीत टीव्ही कुणाला लागतो ते बघायचं, हा शिरस्ता. पेइरोंग उठली तेव्हा लोकांनी पेले हातात घेतले.

तिनं पेला घेतला नव्हता.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "तीन नंबर थांबत नाही हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी हात वर करा."

काइयुआननं डोळे मिटले. मांडवात कुणी हललं नाही. पेले तसेच अधांतरी राहिले. असल्या प्रश्नाला हात वर करायचा नसतो हे शेंबडं पोरही जाणतं.

पेइरोंगनं स्वतःचा हात वर केला. "मला माहीत होतं. ते का थांबत नाही, हे मी विचारलं नाही. उलट शाबासकी दिली. थुआनची बोटं गेली त्यात पहिला वाटा माझा आहे. उद्या साहेब तुम्हाला एकेकाला विचारतील. जे बघितलं ते सांगा. त्यापायी कुणाची नोकरी जाणार नाही."

कुणाचाही विश्वास बसला नाही. ते तिला उभ्या जागेवरूनच दिसत होतं. माणसं ताटाकडे बघत होती. एकानं कोळंबी सोलायला घेतली. तिनं हात खाली केला नाही. हात दुखायला लागला. मग मुख्य टेबलावरून, अगदी नाइलाजानं, आ-तुंगांचा हात वर गेला. व्हिएतनामी टेबलावर एक गेला. मागून दोन. बाकीचे नाहीत.

पॅकिंगची ल्याओबाई उठली. ती या कारखान्यात पेइरोंगच्या जन्माआधीपासून होती आणि कुणाच्या बापाला भीत नसे.

"बोलणं छान आहे, पोरी," ती म्हणाली. "पण डोळा नीट केला की मशीनं पुन्हा दर घडीला थांबणार. मग ठरलेला माल कसा निघायचा? माल निघाला नाही की शिव्या कुणाला? आम्हालाच ना?"

पेइरोंगनं काइयुआनकडे बघितलं. तो मान हलवत होता, नको, हे नको बोलूस, इथे नको. जपानच्या गिऱ्हाइकाला त्यानं शब्द दिला होता आणि शब्द देताना त्याच्यासमोर तीन नंबरचाच वेग होता.

"नाही निघणार," पेइरोंग म्हणाली. "कमी निघेल. गिऱ्हाइकाला तसं मी आणि दादा कळवू. शिव्या द्यायच्या तर आम्हाला देतील."

"बघू," ल्याओबाई म्हणाली आणि खाली बसली. इतर बायका तिच्याकडे झुकून कुजबुजायला लागल्या. आचाऱ्यानं दुसरी ताटं पाठवली. सोडतीचं कुणी नाव काढलं नाही.

"मी कळवू?" काइयुआन दातओठ खात म्हणाला. "मी?" पण त्यानं खुर्ची ओढून बहिणीला बसायला जागा करून दिली. का केली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मिंगतांग ताटातला भात चिवडत होते. सगळं आयुष्य त्यांनी एकच गोष्ट केली होती: वाईट बातमी दाराबाहेर थोपवायची. बापाचं कर्ज, कारखान्याला लागलेली आग, स्वतःच्या छातीतली कळ. घरच्यांच्या वाट्याला फक्त चहा यायचा. आज लेकीनं सगळ्या गावासमोर दार सताड उघडून टाकलं होतं. एकाच गोष्टीचा आधार होता. पाकीट कुणाचं, हे तरी ती बोलली नव्हती.

"तुम्हाला कधी कळलं?" शेजारून श्योउचिननं विचारलं.

ती समोर बघत होती. आवाज अगदी रोजचा होता. त्यांनी पहिल्यांदा न कळल्यासारखं केलं.

"पाकिटाचं," ती म्हणाली.

पेइरोंगकडे रागानं बघायलाही त्यांच्यात बळ उरलं नाही. "अपघात झाला त्याच दिवशी," ते म्हणाले. "आ-तुंगनं सांगितलं. तुला वाईट वाटलं असतं गं. तुझी तब्येत, तुझा खांदा... म्हटलं, कशाला."

"म्हणजे रोज मी डबा घेऊन निघायचे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणायचात, सावकाश जा, रस्ता ओलांडताना बघ."

मिंगतांगांनी ताट बाजूला सारलं.

"मी रोज त्याच्या उशाशी बसून विचारायचे," श्योउचिन म्हणाली, "बाळा, कसा रे गेला हात आत? असं कसं झालं? आणि तो डाव्या हातानं वाटी धरून म्हणायचा, माझंच लक्ष नव्हतं, आजी. रोज विचारायचे मी. रोज तो तेच म्हणायचा. त्याला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटी तिथे बसून त्याला म्हणत होते, पुढच्या वेळी नीट लक्ष देत जा हं." तिनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "तो मला भीत होता की त्याला माझी दया येत होती, हे आता मला या जन्मात कळायचं नाही."

"श्योउचिन..."

"वाईट वाटायचं होतं ना, ते मला वाटू द्यायचं होतं. माझं होतं ते."

मिंगतांगांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं हात काढून घेतला नाही, पण तिचं लक्षही त्या हाताकडे नव्हतं. ती त्यांच्या पलीकडे, लेकीकडे वाकली होती.

"पेइ," तिनं विचारलं, "उद्या किती वाजता येणार गं ते साहेब? तुझ्या आधी मला बोलायचंय त्यांच्याशी."